निमगावकर मास्तरांचा एकच शत्रू

निमगावकर मास्तरांच्या शोकसभेत भोपाळहून आलेली एक तार वाचून दाखवली गेली. तारेत मास्तरांना अजातशत्रू म्हटलं होतं. लोकांनी माना डोलावल्या, एकदोघांनी डोळे टिपले. मी मागच्या रांगेत उभी होते. तिथंच बोलणार होते, पण पुढं काकू, मास्तरांच्या पत्नी, बसल्या होत्या म्हणून गप्प राहिले. आता कागद हातात आहे तर लिहिते. ती तार खोटी आहे. मास्तरांना शत्रू होता. एकच होता, पण त्यांनी तो नीट जपला. वेळच्या वेळी त्याची विचारपूस केली, त्याचा एकही सणवार चुकू दिला नाही. आणि ती तार पाठवणारा तोच.

मास्तर ग्वाल्हेरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढं मी पत्रकं छापून वाटायला लागले, तेव्हापासून त्यांनी माझं नाव टाकलं आणि ‘पत्रकबाई’ एवढंच ठेवलं. उंच माणूस, मान जराशी पुढं काढून चालायचे. कोटाच्या खिशात फुटाणे आणि पायात कॅनव्हासचे बूट. लग्नाला जायचं असलं तरी तेच बूट आणि त्यावर तीच वाळलेली माती. काकू दारातच म्हणत, “अहो, निदान झटका तरी.” मास्तर म्हणत, “झटकली तर कुठून आलो ते कसं कळेल?”

कुणाच्याही नव्या घरी गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: इथं आधी काय होतं? वास्तुशांतीचा प्रसाद हातात असतानाही विचारायचे. यजमान म्हणायचा, काही नव्हतं, मोकळी जागा होती. मग मास्तर प्रसाद खाली ठेवून त्याला सांगत बसायचे की इथं टिटव्या अंडी घालायच्या, त्या कोपऱ्यात घोरपडीचं बीळ होतं आणि अमुक गवत होतं. यजमानीणबाईंचं तोंड उतरायचं. ‘मोकळी जागा’ हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. ‘पडीक’ म्हटलं तर ते खोलीतून उठून जायचे.

त्यांचा जीव होता तो भैरोंपुऱ्याच्या माळावर. शिवपुरीच्या रस्त्याला बस सोडायची आणि मग पायी जायचं. संस्थानाच्या काळात तो दरबारचा रमणा होता, म्हणजे राखीव शिकारीचं रान. दरबारच्या पाहुण्यांनी मारायचं, म्हणून इतरांनी मारायचं नाही. मी यावर मास्तरांशी खूप भांडले. राजेलोकांच्या हौसेला संरक्षण कसलं म्हणता, असं मी म्हणायची. ते शांतपणे फुटाणे चघळायचे. “हेतू वाईट होता, पत्रकबाई. पण गवत होतं. आता हेतू चांगला आहे, तर गवत तरी राहू दे ना.” संस्थान विलीन झालं, मध्यभारत हे नवं राज्य झालं, तसे रमण्याचे जुने हुकूम एका फटक्यात निकामी झाले. नवे कुणी केले नाहीत. लढाईतल्या जुन्या जीपगाड्या स्वस्तात घेतलेले हौशी बंदूकवाले माळावर हिंडायला लागले. तरीही माळढोक टिकला होता.

माळढोक ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. माणसाच्या कमरेच्या वर येईल एवढा पक्षी, भारदस्त, मान वर करून चालणारा. ग्वाल्हेरकडे त्याला सोनचिरैया म्हणतात. भैरोंपुऱ्यात नराला हुकना म्हणत, त्याच्या आवाजावरून. पावसाळ्यात नर माळावरच्या ठरलेल्या उंचवट्यावर येतो, गळ्याची पिशवी फुगवून जमिनीपर्यंत लोंबवतो, शेपूट पाठीवर उलटी टाकतो आणि हुंकारतो. तो हुंकार अर्ध्या माळापलीकडे जातो. मादी उघड्या जमिनीवर अंडं घालते. बहुधा एकच. झाड तिला नको असतं, कारण झाडावर कावळा बसतो. तिला चहूकडचं दिसायला हवं.

हे सगळं मास्तर वर्गात खडूनं शिकवायचे, पण खरं शिकवणं पंगतीत चालायचं. एका मुंजीत त्यांनी पानातला पापड उचलला आणि शेजारच्या वकिलांना दाखवला. हा माळ, म्हणाले. मग मधोमध मोडला, पुन्हा मोडला. “पापड तेवढाच आहे की नाही? पण कडा बघा किती झाल्या. कडेनं कुत्रं येतं, कडेनं कावळा येतो, कडेनं नांगर येतो. आता आतला पापड कुठं राहिला ते दाखवा.” वकिलांनी नुसता मठ्ठा मागितला.

आणि त्यांचं दुसरं आवडतं उदाहरण आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांचं. दरबाराबरोबर दक्षिणेतून आलेली घरं ती किती. मुलगी उजवायची तर पुण्या-साताऱ्याला पत्रं धाडायची, कारण इथं सगळे एकमेकांचे मामेभाऊ नाहीतर मावसभाऊ. मास्तर म्हणायचे, “आपल्याला निदान आगगाडी आहे. एका माळावर पाचपंचवीस पक्षी उरले आणि दुसऱ्या माळापर्यंतची वाट बंद झाली, तर त्यांच्या पोरींनी कुठं स्थळ बघायचं? सगळे मारावे लागत नाहीत हो. थोडे उरले की पुढचं काम आपोआप होतं.” बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. माझी आई घरी येऊन म्हणाली, मास्तर बोलले ते हसण्यासारखं नव्हतं.

भैरोंपुऱ्याच्या गुज्जरांशी मास्तरांचा एक करार होता, तोंडीच. उंचवट्याभोवती पावसाळ्यात गुरं न्यायची नाहीत, अंडी फुटतात. पण पिल्लं हिंडायला लागली की गुरं आणायचीच, नाहीतर गवत छातीएवढं होतं आणि पक्षी तिथं यायचा नाही. राखायचं म्हणजे कुंपण घालून विसरायचं नाही, हे त्यांचं म्हणणं. गुरंही हवीत, पण वेळेवर. गावचा हरलाल गुज्जर हे ऐकून हसला होता, “मास्साब, जे तो हमाए बाप भी करत हते, बस उनने लेक्चर नईं दओ.” बापजादेही हेच करायचे, फक्त भाषण न देता, म्हणून मास्तर खूश. त्यांनी हे वाक्य वर्गात फळ्यावर लिहिलं होतं.

आता शत्रू. त्याचं नाव अरविंद सोमण. मास्तरांचा सगळ्यांत लाडका विद्यार्थी, काकूंच्या हातचं जेवून शिकलेला. मध्यभारत झालं तसा सचिवालयात गेला आणि भराभर चढला. जंगलजमिनींचे कागद त्याच्याच टेबलावर येत. मास्तरांना वाटलं, आता काळजी नाही.

पण त्या सरकारची एक तऱ्हा होती. राजधान्या दोन. उन्हाळा-पावसाळा इंदुरात, हिवाळा ग्वाल्हेरात. दिवाळीच्या सुमारास फायलींचे पेटारे आणि साहेबांची बिऱ्हाडं इकडे येत, ऊन तापायला लागलं की परत. म्हणजे ग्वाल्हेरची जमीन सरकारनं पाहिली ती फक्त हिवाळ्यात. सोमण एका हिवाळ्यात जीप घेऊन भैरोंपुऱ्याला गेला, पिवळं वाळकं गवत बघून आला आणि म्हणाला, “सर, तिथं काहीच नाही.” पक्षी तेव्हा शेतांतून पांगलेले असतात. मास्तर चिडले नाहीत. त्या वेळी चिडले नव्हते, हे मी मुद्दाम नोंदवते. ते म्हणाले, “तुमचं सरकार चुकीच्या ऋतूत येतं रे. पावसाळ्यात ये.”

पावसाळ्यात सरकार इंदुरात. पण घरच्या गणपतीला सोमण रजा काढून येतच असे. त्या वर्षी गौरी बसल्या त्या दिवशी सकाळीच मास्तरांनी त्याला सोवळ्यातून उठवून बसमध्ये घातलं. मी बरोबर होते. ओल्या गवतात आम्ही पालथे पडलो. बराच वेळ काही नाही. मग तो आला, उंचवट्यावर उभा राहिला, गळा फुगवला आणि हुंकारला. आवाज कानानं ऐकू येण्याआधी पोटाला जाणवतो. सोमणच्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी स्वतः पाहिलं. उठताना त्यानं मास्तरांच्या त्या मातीच्या बुटांना हात लावला आणि म्हणाला, “सर, हा माळ माझ्यावर सोडा.”

मास्तरांनी सोडला.

त्याच हिवाळ्यात हुकूम निघाला. भैरोंपुऱ्याचा माळ, पडीक जमीन, वृक्षारोपणासाठी. खाली सही अरविंद सोमणची.

मी त्याच दिवशी पत्रक काढलं असतं, पण मास्तर म्हणाले, आधी विचारू. आम्ही थाटीपुरला त्याच्या सरकारी बंगलीवर गेलो. त्याची धाकटी मुलगी फाटकाला लोंबकळत होती, तिनं आम्हाला आत नेलं. बायकोनं चिवडा आणला. मास्तरांनी या घरात ‘आधी काय होतं’ विचारलं नाही, तेव्हाच मला भीती वाटली. सोमण नजर चुकवत बोलला. वरून आदेश होता, प्रत्येक भागातली काही जमीन झाडांसाठी दाखवायचीच होती. शेतीची दाखवली तर शेतकरी ओरडतात, जंगलाची दाखवली तर ठेकेदार ओरडतात. “माळासाठी ओरडणारं कोणी नाही, सर. तुम्हीच सांगा, मी काय करणार?”

मास्तर उठले. चिवड्याला हात लावला नव्हता.

“ओरडणारा आहे. आपण त्याला ऐकलं आहे, साहेब.”

ज्याला कोवळ्या वयापासून ‘अरे अरविंदा’ म्हटलं, त्याला त्यांनी त्या क्षणापासून मरेपर्यंत ‘आपण’ आणि ‘साहेब’ म्हटलं. रस्त्यात मला एवढंच म्हणाले, “ज्यानं पाहिलं नाही त्याच्यावर माझा राग नाही. तो अडाणी. शिकवता येईल. ज्यानं पाहून सही केली, त्याला मी सोडणार नाही.” मी मनात म्हटलं, मीही.

पुढच्या पावसाळ्यात ट्रक आले. मंत्रीमहोदय खास इंदुरहून आले, उंचवट्यावर मंडप पडला, नेमका उंचवट्यावरच, कारण तिथून फोटो चांगला येतो. भोवती तारेचं कुंपण. मी पत्रकं वाटली: झाडं लावून खून करणाऱ्यांना विचारा. लोकांनी मला वेड्यात काढलं. झाड लावण्याला विरोध करणारी ही कोण बया, असं माझ्या तोंडावर बोलले. भले लोक, आमच्याच गल्लीतले. त्यांच्या लेखी हिरवं ते सगळं चांगलं. हरलालची गुरंही कुंपणाबाहेर अडकली आणि त्याच्यावर दंड बसला.

नर आला होता. तारेच्या कडेनं इकडून तिकडे चालत राहिला, आत जायला वाट शोधत. दोन दिवसांनी रस्त्याच्या कडेच्या रिकाम्या शेतात जाऊन नाचला. जीपवाल्यांना रस्त्यावरूनच नेम धरता आला, खाली उतरायचेही कष्ट पडले नाहीत. माद्या कुठं गेल्या कुणाला ठाऊक नाही. झाडं पुढच्या उन्हाळ्यात मेली, मातीच तशी नव्हती. उरले खड्डे आणि तार. माळ आता खरोखरच पडीक झाला. कागदावर आधी लिहिलं, मग तसं केलं.

त्यानंतर मास्तरांच्या स्वयंपाकघरातून विचित्र आवाज यायला लागले. ते रिकाम्या माठात तोंड घालून हुंकारत होते. खालच्या पट्टीत, छातीतून, थांबून थांबून. काकू वैतागल्या, “अहो, शेजारी विचारतात घरात म्हैस बांधलीय का.” मास्तर माठ बदलून पाहायचे. शेवटी पाणी न्यायच्या एका छोट्या सुरईत त्यांना हवा तो आवाज सापडला. मी डोळे मिटून ऐकलं आणि ओल्या गवताचा वास आला.

तेवढ्यात ते निवृत्त झाले. मराठी मंडळींनी नई सडकेवरच्या सभागृहात सत्कार ठेवला. पाहुणा कोण बोलवायचा, तर मास्तरांनी स्वतः सोमणचं नाव सुचवलं. लोकांना गुरुशिष्यप्रेम वाटलं. मला सुरई दिसत होती, त्यांच्या पिशवीतून मान काढून बसलेली.

सोमणनं सुरेख भाषण केलं. शाल घातली. मास्तर उभे राहिले, आभार मानले नाहीत. सुरई काढली, तोंडाशी धरली आणि हुंकारले. सभागृहात कुणी खुसखुसलं. ते पुन्हा हुंकारले. पुन्हा. हसू थांबलं. मग त्यांनी वर्गातल्या आवाजात विचारलं, हा आवाज कोण ओळखतो? कुणीच नाही. ते पाहुण्याकडे वळले.

“साहेब ओळखतात. साहेब, आपण सांगावं.”

सोमण उठला. म्हणाला, “माळढोक.”

“कुठं ऐकलात?”

“भैरोंपुऱ्याला.”

“आता ऐकायचा असेल तर या मुलांना कुठं पाठवू?”

सोमण उभाच. त्याच्या कपाळावरचं गंध घामानं खाली आलं होतं. मास्तर थांबले, परीक्षेत थांबत तसे, आणि मग म्हणाले, बसा.

तिथून सुरुवात झाली. सरकार ग्वाल्हेरात असे त्या महिन्यांत मास्तर सकाळचं फिरणं थाटीपुरला करायचे. सोमणच्या फाटकासमोर उभं राहून एक हुंकार, आणि पुढं. सोमणच्या मेव्हणीच्या लग्नात आहेर देऊन, अक्षता टाकून, दारातून जाताना एक हुंकार. संक्रांतीला तिळगूळ घेऊन घरोघर फिरताना त्याच्याही घरी, नमस्कार घेतला आणि हुंकार. थाटीपुरच्या पोरांनी तो आवाज उचलला. सोमणची जीप निघाली की वडाखालून, भिंतीमागून, गच्चीवरून हुम्म, हुम्म. ड्रायव्हर हसू दाबत असे.

सोमणची बायको एकदा काकूंकडे येऊन रडली. यांना झोप लागत नाही, म्हणाली, सरांना सांगा ना. गावातले शहाणेही म्हणाले, सूड घेणं शिक्षकाला शोभत नाही. मी मास्तरांना तसं सांगितलं. खरं सांगायचं तर ते थांबतील की काय, याची मला काळजी होती.

“सूड कसला, पत्रकबाई,” मास्तर म्हणाले. “उजळणी घेतोय.”

मग राज्यांची फेररचना आली. मध्यभारत संपलं. राजधानी भोपाळला जाणार ठरलं, आणि ग्वाल्हेरातली बिऱ्हाडं आवरायला लागली. मास्तरांना तोवर दम्यानं धरलं होतं, दोन पायऱ्या चढले की बसायचे. सोमणच्या गाडीची वेळ त्यांनी कुणाकडून तरी काढली. काकूंनी नको म्हटलं. मी टांगा आणला.

फलाटावर निरोपाची गर्दी, हार, पेटारे, ट्रंकांवर बसलेली मुलं. सगळ्यांच्याच हातात प्रवासाच्या सुरया होत्या, त्यामुळे मास्तरांच्या सुरईकडे कुणी पाहिलं नाही. सोमण खिडकीत बसला होता. त्याला मास्तर दिसले आणि त्यानं हात जोडले. मनापासून जोडले असावेत, मला त्याचं काय. मास्तरांनी नमस्कार घेतला नाही. खांबाला टेकून त्यांनी श्वास जमवला, सुरई वर उचलली आणि हुंकारले. दम नव्हता तरी पूर्ण हुंकारले. आजूबाजूच्यांना वाटलं म्हातारा खोकतोय, एकानं पाणी पुढं केलं.

सोमणनं खिडकीची लाकडी झडप खाली ओढली.

मास्तर बंद झडपेकडे पाहत राहिले. त्यांचे ओठ निळसर झाले होते. मी म्हटलं, सर, बास, चला आता. त्यांनी मान हलवली, पुन्हा श्वास घेऊ लागले, आणि येईना. सुरई छातीशी धरून नुसतेच उभे राहिले. शिट्टी झाली.

तेव्हा झडपेआडून आवाज आला. बारीक, लहान पोरीचा, पण अचूक. खालच्या पट्टीत धरायची धडपड करत, थांबून थांबून, मास्तरांचीच थांबण्याची जागा पकडून. हुम्म. कुणीतरी आत तिला दटावलं. हुम्म. पुन्हा दटावलं. गाडी हलली तरी ती थांबली नाही. फाटकाला लोंबकळणारी ती पोर खेळाला खेळ म्हणून हुंकारत होती, बापाच्या मांडीशी बसून, भोपाळपर्यंतच्या सगळ्या प्रवासाची तयारी असल्यासारखी.

मास्तरांनी मला सुरई दिली, धरायला.

“ही घरी ठेव,” म्हणाले. “आता मी रोज यायची गरज नाही.”

आणि चेहरा उजळलेला, मान पुढं काढून, ते टांग्याकडे चालू लागले.